तारमामांची नाडी

तारमामांना सगळी गल्ली तारमामाच म्हणायची. बत्तीस वर्षं तारघरात यंत्रापुढे बसलेला माणूस. पुढे तारा बंद झाल्या, यंत्रं भंगारात गेली, पण मामांचं उजव्या हाताचं मधलं बोट काही निवृत्त झालं नाही. खुर्चीच्या हातावर, चहाच्या कपावर, दाराच्या चौकटीवर ते आपलं टकटकत असायचं. मामांनी लग्न केलं नव्हतं. ज्या भाचीकडे ते राहायला आले तीही एकटीच. त्यामुळे कोणी कोणाला सांभाळायचं हा प्रश्न दोघांनी मोकळाच ठेवला होता.

गेल्या वर्षी मामांच्या काळजाने ताल सोडला आणि प्रश्न आपोआप सुटला.

"हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाई कमी बोलायच्या आणि बोललेलं लिहूनही द्यायच्या. "ठोके पडतात, पण मेळ नाही. रक्त आत साचतं, साचलं की गुठळी होते, गुठळी मेंदूत गेली की झटका. म्हणून ही गोळी रक्त गोठू न देणारी, सकाळ-संध्याकाळ. आणि ही वेग आवरणारी, सकाळी एकदा. चुकवायची नाही. एकदम बंद तर अजिबातच करायची नाही."

भाचीने मान डोलावली. तिला हे सगळं पाठ होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या आईला, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीला, हेच दुखणं झालं होतं. आईच्या हातांवर निळे डाग पडायला लागले, तेव्हा लेकीने शहाणपणा केला. रक्ताची गोळी बंद केली आणि 'संपूर्ण नैसर्गिक' असं लिहिलेल्या बाटलीतल्या कॅप्सूल सुरू केल्या. डाग गेले. चाळिसाव्या दिवशी आईचं तोंड वाकडं झालं, उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि त्यानंतर आठ दिवसांनी आई गेली. लेकीला कोणी काही बोललं नाही. बोलणार कोण, गोळी बंद केल्याचं माहीत होतं फक्त दोघींना.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर पाणीसुद्धा फुंकून द्यायला लागली. चौदा कप्प्यांची डबी आणली, गोळी मामांच्या जिभेवर ठेवून वर "आ करा" म्हणायला लागली. रोज सकाळी आठ वाजता मनगट धरून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची. केसाएवढी चूक झाली तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, हे माहीत असलेला हात होता तिचा. या घरातलं दुसरं माणूस आपल्या हातून जाता कामा नये, एवढी एकच गोष्ट तिला जगाकडून हवी होती.

दुकानाचे मालक विकायचे चष्मे, पण सल्ले सगळ्याच अवयवांवर द्यायचे. मामांचं कळल्यावर त्यांनी पिशवीभर बाटल्या आणून दिल्या. लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या कॅप्सूल, माशाचं तेल, मॅग्नेशियम, आणि पिवळ्या फुलांच्या अर्काची, मन शांत ठेवणारी म्हणून एक. "झाडपाल्याने कोणाचं वाईट झालंय?" ते म्हणाले. भाचीने पिशवी तशीच उचलली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर रिकामी केली.

बाईंनी एकेक बाटली उजेडात धरून वाचली आणि दोन ढीग केले. "लसूण आणि हळद जेवणात असू दे, कॅप्सूलमधून नको. गोळीवर गोळी होऊन रक्तस्राव होईल. माशाचं तेलही नको. ही पिवळ्या फुलांची तर लांबच ठेवा, आपली गोळी हिच्यापुढे निम्मी होते. मन शांत होईल, अगदी कायमचं." मग मॅग्नेशियमची बाटली हातात घेतली. "हे बघू, रक्त तपासून." एका ढिगात चार बाटल्या होत्या, दुसऱ्यात एक, तीही रक्त तपासल्यावर. मामा खुर्चीतून म्हणाले, "मालकांना सांग, चष्मा लावून वाचत जा." बाईसुद्धा हसल्या. भाचीला मात्र हसू येईना. त्या पिवळ्या फुलांची बाटली तिने ओळखली होती. आईला दिली ती हीच.

असे सहा महिने बरे गेले, आणि मग नाडीचं ते सुरू झालं.

एका सकाळी ती मनगट धरून मोजत होती. शंभरच्या वर ठोके, वेडेवाकडे. मामांनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या उजव्या हातात शब्दकोड्याची पेन्सिल होती. तिचं मोजणं संपता संपता ती पेन्सिल वर्तमानपत्राच्या कडेला चालायला लागली. मामा बघत नव्हते. लिहून झालं तसे त्यांनी डोळे उघडले आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"काय आलं गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलं हाताने. तारघरात डोक्याने वाचत बसलं की हात मागे पडतो. कानातून हातात, हातातून कागदावर. काय आलं ते बघायचं ज्याची तार त्याने." मग जरा ओशाळून म्हणाले, "आठवडाभर येतंय. उशीवर कान टेकला की ऐकू येतं. यंत्राचा आवाज एकसारखाच असतो, पोरी. टक् म्हणजे टक्. अक्षर असतं ते दोन आवाजांच्या मधल्या फटीत. माझ्या नाडीलाही आता तशाच फटी पडल्यात."

कागदावर दोन शब्द होते. 'हात सोड.'

मामांना वाटलं, तिने मनगट धरलंय म्हणून आलं असेल. ते हसलेही. भाचीने खरोखरच हात सोडला.

तिने कोणालाच न सांगितलेली एक गोष्ट होती. ती तिने तिथे, त्या स्वयंपाकघरात, चहा निवत असताना सांगून टाकली. इस्पितळात पहिले चार दिवस आईचं डावं बोट पलंगाच्या लोखंडी दांडीवर सारखं आपटायचं. नर्स म्हणाली, झटक्यानंतर होतं असं. शेजारच्या खाटेवरचे कुरकुरायला लागले. चौथ्या दिवशी दुपारी तिला तो आवाज असह्य झाला, आणि तिने आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला. आई तिच्याकडे बघत राहिली. त्यानंतर ते बोट पुन्हा हललं नाही.

मामा त्या वेळी दुसऱ्या गावी होते, पोचले ते सगळं संपल्यावर. त्यांनी कप बाजूला सरकवला. "कसं आपटायचं? आठवतंय?"

आठवतंय का म्हणजे? तीन वर्षं तिच्या डोक्यात दुसरं काही वाजत नव्हतं. तिने टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं. दोन लागोपाठ, थांबून एक, पुन्हा दोन लागोपाठ.

मामांनी तेच आपल्या बोटाने वाजवून बघितलं. "ही आमची खूण," ते म्हणाले. "मी नवीन शिकत होतो तेव्हा ती दहा वर्षांची होती. आपल्या अक्षरांना टिपके आणि रेघा आम्ही दोघांनी मिळून ठरवल्या होत्या. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. जगात कोणाला येत नाही ती लिपी. याचा अर्थ, 'आहेस का?'"

"नुसतं आहेस का?"

"समोरच्याने 'बोल' म्हटल्याशिवाय तार सुरू करायची नसते, पोरी. पहिला नियम. ती विचारत होती. कोणी 'बोल' म्हणालंच नाही."

चार दिवस. भाची उठून मोरीपाशी गेली आणि नळ सोडून रडली. आईला काहीतरी सांगायचं होतं, ते सांगायच्या आधीच आपण तिचा हात दाबला, आणि आता ते काय होतं हे या जन्मात कळायचं नाही. नळ बंद करून ती वळली तर मामा डाव्या मनगटावर उजव्या हाताचं बोट आपटत होते. एक, थांबून दोन, थांबून एक.

"काय करताय?"

"बोल म्हणतोय," मामा म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मामा दिवसभर खिडकीजवळ डोळे मिटून बसायचे. भाची दुकानातून आली की कागदाकडे बघायची. कागदावर कधी तेच 'आहेस का', कधी सुटी अक्षरं. ती कोणाची हे मामांना पक्कं माहीत होतं. "प्रत्येकाचा हात वेगळा असतो. ही रेघ जरा जास्त ओढते, लहानपणापासून. किती सांगितलं तिला." हे ते इतक्या सहज म्हणायचे की भाची मागे वळून बघायची. एकदा तर तिने भिंतीलाही कान लावला. भिंत थंडगार होती. पण कान काढताना तिला वाटलं की पलीकडे कोणीतरी श्वास रोखून धरलाय.

मग एका दुपारी दुकानात शेजाऱ्यांचा फोन आला. मामा जिन्यात बसले होते, श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते. नाडी एकशे साठ. इस्पितळात दोन दिवस गेले. घरी कपडे न्यायला आली तेव्हा तिला मामांच्या चष्म्याच्या डबीत अकरा गोळ्या सापडल्या, वेग आवरणाऱ्या. रक्ताच्या गोळ्या त्यांनी इमानाने घेतल्या होत्या. हिने रोज तोंड उघडून बघितलं होतं, आणि म्हाताऱ्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

"वेग वाढला की अक्षरं सुटी होतात," मामा पलंगावरून म्हणाले. त्यांना लाज वाटत नव्हती. "गोळीने फटी बुजतात."

"मराल तुम्ही!"

"कुठल्या कुठून हाका मारतेय ती. मी बोल म्हटलंय. आता लाइन कापू?"

डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. या वेळी भाचीने गोळी स्वतः कुटून पाण्यात दिली. चार दिवसांत नाडी पंचाहत्तरवर आली. मेळ तेव्हाही नव्हता, पण दंगा थांबला. मामा जिना चढायला लागले, जेवायला लागले. आणि कागद कोरा राहिला. संकट टळलं म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. पण घर आता इतकं गप्प झालं होतं की तिला संध्याकाळी कुलूप उघडायचा धीर होईना.

दुकानात तिच्या हातून एकाच आठवड्यात तीन काचा फुकट गेल्या. "लक्ष कुठंय, ताई?" मालक म्हणाले. लक्ष तिथेच होतं, जिथे तीन वर्षं होतं. आईला काय सांगायचं होतं? तूच मारलंस मला, असं? का असू दे गं, असं? दोन्हींतलं काहीही चालणार होतं तिला. न कळणं तेवढं चालत नव्हतं. आणि ते कळायची जगातली एकुलती एक वाट मामांच्या मनगटातून जात होती, तिच्यावर रोज सकाळी आठ वाजता ती स्वतः दगड ठेवत होती.

शनिवारी सकाळी तिने मामांच्या तळहातावर एकच गोळी ठेवली, रक्ताची. दुसरी, कुटून द्यायची ती, तिच्या मुठीत राहिली. मामांनी गोळीकडे बघितलं, मग तिच्या मुठीकडे. त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि वरून पाणी घेतलं. रविवारीही तसंच झालं. तिला स्वतःचीच एवढी भीती याआधी कधी वाटली नव्हती.

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला एकशे तीस झाले. मग एकशे पंचेचाळीस. मामा खिडकीशी बसले होते, कपाळावर घाम, शर्टाची बटणं उघडी. तिने मनगट धरलं होतं. बोटांखाली काहीतरी बंद दारावर धडका मारत होतं. दुसऱ्या मुठीत सकाळची गोळी होती. "पाच मिनिटं," ती स्वतःशी म्हणाली. "फक्त पाच मिनिटं, मग देते."

"आली," मामा म्हणाले. त्यांनी बोट आपटलं. एक, थांबून दोन, थांबून एक. बोल.

पेन्सिल चालायला लागली. आधी वरच्या ओळीत आकडे. मग खाली अक्षरं, सरळ, एकापुढे एक, आजवर कधी आली नव्हती अशी. मामांची मान मागे टेकली होती आणि तोंड उघडं होतं. ओठांच्या कडा निळसर व्हायला लागल्या होत्या. तिला ते दिसत होतं. दिसत असूनही ती कागदाकडेच बघत होती. हे तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

'दादाची गोळी बंद करू नकोस.'

तिने ते वाचलं आणि तिच्या तोंडून आवाज निघाला, कुत्र्याचा पाय चिरडल्यावर निघतो तसा. मूठ उघडली तर गोळी घामाने चिकट झाली होती. ती तिने मामांच्या ओठांत कोंबली, पाणी पाजलं, अर्धं शर्टावर सांडलं, फोनवर डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, फक्त "बाजूला बसा, मी निघालेय, हॉर्न ऐकलात की खाली या," म्हणाल्या. मामांची पेन्सिल हातातून गळून पडली होती. ठोके अजून धावत होते, पण ते म्हणाले, "गेली. पलीकडे आता कोणी नाही."

त्या पाच शब्दांत माफी नव्हती आणि शिवीही नव्हती. आई अशीच होती. मेल्यावरसुद्धा तिने लेकीला काम सांगितलं होतं. भाची जमिनीवर बसून, मामांच्या गुडघ्याला डोकं टेकून रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला रडून बरं वाटलं.

थोड्या वेळाने मामांचा श्वास खाली बसला. त्यांनी चष्मा मागितला आणि कागद डोळ्यांशी धरला. बहिणीने आपली आठवण काढली याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. मग त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ, रीतसर दिलीय. शब्द पाच. आणि ही तार दिल्याची तारीख, ही वेळ. चार वाजून दहा मिनिटं." त्यांनी तारखेवर परत बोट टेकवलं. "पण ही तारीख आजची नाही गं. तीन वर्षांपूर्वीची आहे."

भाचीने डोकं उचललं. तारीख तिने बघितली. इस्पितळातला चौथा दिवस. दुपारचे चार. तिने आईचा हात दाबून धरला होता ती वेळ.

"म्हणजे तार तेव्हाच दिली होती, वाटेत रखडली," मामा म्हणाले. "व्हायचं असं." ते हसणार होते, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी कागद आधी लांब धरला, मग जवळ.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तेव्हा मला कुठे काय झालं होतं? तेव्हा मी एकही गोळी घेत नव्हतो."

खाली रस्त्यावर डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा हॉर्न वाजला. दोन लागोपाठ, थांबून एक, पुन्हा दोन लागोपाठ. 'आहेस का?' दोघांपैकी कोणीच जागचं हललं नाही.